काकाक कोकम कित्याक?

मे महिन्यातली रणरणती दुपार. देवगडचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जिथे मिळतो, त्या नांदगाव तिठ्यावरच्या एका टपरीत मी एसटीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ येऊन टेकले. टपरीतल्या पोराने तत्परतेने त्यांच्यापुढे कोकम सरबताचा ग्लास ठेवला, तशी आतून टपरीवाल्या वयनींची हाक आली, "रे, काकाक कोकम कित्याक? तेंका चाय दी!"

काकांना कोकम कशाला, त्यांना चहा दे. एवढंच म्हणायचं होतं. पण मी बोटांवर मोजलं. काकाक, कोकम, कित्याक. तीन शब्द, नऊ अक्षरं आणि त्यातले सात क! वही-पेन घेऊन बसलेल्या कवीला दिवसभर घाम गाळून जे साधत नाही, ते वयनींनी चुलीवरचं आधण उतरवता उतरवता साधलं होतं. त्या दिवसापासून मला अनुप्रास पुस्तकात कमी आणि तिठ्यावर जास्त सापडू लागला. त्या शोधातला हा खाऊ.

कणकवलीक तीन क

मालवणीत 'ला' नाही, 'क' आहे. प्रमाण मराठीत आपण कुडाळला जातो, मालवणीत कुडाळाक. मराठीत कोणाला, मालवणीत कोणाक. कणकवलीला या शब्दात दोन क होते, कणकवलीक म्हटलं की तीन झाले. म्हणजे बोलीच्या व्याकरणानेच कवीच्या हातात एक अक्षर फुकट ठेवलंय. त्यात खय, हय, थय असं कुठे-इथे-तिथेचं त्रिकूट आधीच यमकात बसवलेलं. मालवणीत लिहिणाऱ्याने नादासाठी वेगळं काही करायला नको, नुसतं खरं बोलावं.

नावं बघा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आज त्याचे तालुके आठ. त्यातली वैभववाडी माझी सर्वांत लाडकी. पाच अक्षरं, त्यात तीन व. कोकण रेल्वेने या वैभववाडीहून कणकवलीकडे निघालात, तर मध्ये आमचं 'नांदगाव रोड' लागतं. व सोडला, न घेतला आणि क वर उतरला, असा हा प्रवास. देवगडच्या किनाऱ्यावरच्या कुणकेश्वराच्या नावातही कणकवलीसारखेच दोन क आणि मध्ये ण.

आणि हे तर मला सापडलं तेव्हा मी रस्त्यातच थांबलो होतो : मोरोपंतांच्या सुप्रसिद्ध काव्याचं नाव 'केकावली'. केका म्हणजे मोराची हाक. कवीचं नाव मोर, म्हणून देवाला मारलेल्या हाका झाल्या केका. आता केकावली आणि कणकवली एका दमात म्हणून बघा. एक ण तेवढा जास्त!

कर्लीत कुर्ली

कर्ली ही नदी, देवबागला समुद्राला मिळते. कर्ली हा मासाही, काट्यांचा पण चवीचा. कुर्ली म्हणजे मात्र खेकडा. पहिल्या दोन शब्दांत फरक अर्थाचा, तिसऱ्यात फक्त एका उकाराचा.

अनुप्रासाचा सगळा नियम या तीन शब्दांत आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त सांगून ठेवलंय की अनुप्रासात व्यंजनं जुळली पाहिजेत, स्वर वेगळे असले तरी चालतात. क-र-ल हा सांगाडा तोच राहिला आणि वरचं कातडं बदललं, तरी कान ओळखतो. म्हणून कर्ली आणि कुर्ली शेजारी आली की गोड वाटतं. कर्लीच्या काठी कुर्ली म्हटलं की अर्ध्या कवितेचं काम झालं.

मासळीबाजारात तर वर्णमालेच्या पाट्याच मांडलेल्या असतात. सुरमई, सरंगा, सौंदाळा इकडे, बांगडा आणि बोंबील तिकडे, तारली आणि तांबोशी पलीकडे. भाव विचारत नुसतं फिरलं तरी जिभेचा व्यायाम होतो.

हुशारांचा आणि लाटांचा

शाळेत आपण अनुप्रास एकच शिकलो. जुन्या शास्त्रकारांनी त्याच्या जाती पाडल्या आणि त्यांची नावं फार देखणी ठेवली. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त पहिला भेटतो तो छेकानुप्रास. छेक म्हणजे चतुर, हुशार माणूस. व्यंजनांचा एक गट त्याच क्रमाने एकदा परत आला की तो छेकांचा अनुप्रास. कर्ली-कुर्ली यात बसतात.

क्रम महत्त्वाचा बरं का. विश्वनाथ सांगतो, रस आणि सर यांत अक्षरं तीच, पण क्रम उलटा, म्हणून छेकानुप्रास नाही. हे वाचताना मला एकदम सावंतवाडीचे कवी वसंत सावंत आठवले. व-स-त आणि स-व-त! तीच तीन व्यंजनं, पहिल्या दोघांनी फक्त जागा बदलली. शास्त्राप्रमाणे हा छेकानुप्रास नाही, हा वृत्त्यनुप्रास, ज्यात क्रम बदलला तरी चालतो. पण गंमत इथे संपत नाही. वृत्त्यनुप्रासाच्या तीन वृत्ती. कठोर अक्षरांची परुषा, मवाळ अक्षरांची कोमला आणि तिसरी उपनागरिका, शहरातल्या नटव्या स्त्रीसारखी. तिला नाकातला अनुनासिक लावलेली जोडाक्षरं आवडतात : न्त, न्द, म्प, ङ्क. वसंतमध्ये न्त, सावंतमध्ये न्त. आपल्या कवीच्या नावातच आईवडिलांनी तिचा माधुर्यगुण घालून ठेवला होता. नांदगावातला न्द त्याच कुळातला, आणि देवगड तालुक्यात जन्मलेल्या गोविंद विनायक करंदीकरांनी आपल्या नावातून जे दोनच अक्षरांचं नाव निवडून घेतलं, त्या 'विंदा'तलाही.

लाटानुप्रासाची गोष्ट आणखी मजेची. यात अख्खा शब्दच परत येतो, अर्थ तोच राहतो, पण त्याचा रोख बदलतो. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. 'चार दिवस' दोन्हीकडे तेच, मालकीण तेवढी बदलली. ही लकब लाट देशातल्या लोकांना प्रिय होती म्हणून हे नाव. लाट म्हणजे आजचा दक्षिण गुजरात, भडोच-नवसारीकडचा मुलूख. आणि मराठी गद्यात अनुप्रासाची आतषबाजी ज्यांनी केली ते राम गणेश गडकरी जन्मले कुठे? २६ मे १८८५, नवसारी!

गडकऱ्यांची चार पूर्ण नाटकं मोजून बघा. प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला, भावबंधन. चारही नावं पाच-पाच अक्षरांची. अपुरं राहिलेलं राजसंन्यासही पाच. कवितासंग्रह वाग्वैजयंती, तोही पाच. पुण्यप्रभावात प-प, भावबंधनात भ-ब, वाग्वैजयंतीत व-व. नाव ठेवताना हा माणूस ओठांनी चाचपून बघत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नावातच कविता

शांता शेळके. म्हणताना दोनदा श, जणू कुणी बाळ झोपलंय म्हणून हळू बोलायला सांगतंय. आपल्याकडून खाली उतरलं की गोव्यातल्या बोरी गावचे बाळकृष्ण भगवंत बोरकर : ब, भ, ब, आणि लोक त्यांना म्हणत बाकीबाब. गाव, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, टोपणनाव, सगळीकडे ओठ मिटून उघडायचे. 'वस्त्रहरण'चे लेखक गंगाराम गवाणकर. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'शिशिरागम'. आणि चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आपले आरती प्रभू. तेंडोलीत जन्म, १९३० साली. कुडाळात त्यांच्या घरची खानावळ होती. खानोलकरांची खानावळ! नियतीलाही अनुप्रास आवडत असावा, फक्त त्या खानावळीतले दिवस कवीला सोपे गेले नाहीत, ही बोच त्या दोन शब्दांच्या गोडीखाली राहतेच.

म्हणी पाठ का होतात

कारण त्यांची अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. पळसाला पाने तीनच. कोल्हा काकडीला राजी. गाढवाला गुळाची चव काय. एक शब्द आठवला की दुसरा मागोमाग येतो.

पण काही म्हणींत सगळा नाद एकाच अक्षराचा नसतो, तरी कान सुखावतो. गर्वाचे घर खाली. इथे ग आहे, घ आहे, ख आहे. अक्षरं वेगळी, पण तिघांचं घर एकच : कंठ. थेंबे थेंबे तळे साचे म्हणताना जीभ पुन्हापुन्हा दातांकडे जाते, थ, थ, त आणि स. उच्चाराची जागा एक असली की होणाऱ्या या जवळिकीला विश्वनाथाने श्रुत्यनुप्रास म्हटलं. मला हा सगळ्यांत सुंदर वाटतो, कारण तो दिसत नाही. वाचणाऱ्याला कळतही नाही की त्याला नेमकं काय आवडलं.

लग्नाळू शब्द

पाऊसपाणी, मीठमिरची, भाजीभाकरी, पालापाचोळा, केरकचरा, खाचखळगे, दूधदुभतं, सगेसोयरे, काबाडकष्ट. मराठी शब्दांना एकटं राहवत नाही, आणि स्थळ बघताना ते पत्रिकेतलं पहिलं अक्षर आधी जुळवतात. मानमरातब घ्या. मान आपला संस्कृतातला, मरातब अरबीतून आलेला. मुलूख वेगळा, पण दोघांचा म जुळला आणि सोयरीक पक्की झाली. कविता लिहिताना अडलं की मी अशा जोड्यांची यादी करतो. तिच्यात नेहमी एखादी अशी निघते, जी कुणी अजून वापरलेली नाही.

ळ ची कळ

मराठीत एकही शब्द ळ ने सुरू होत नाही. म्हणजे शब्दांची पहिली अक्षरं जुळवणं हाच अनुप्रास असं मानलं, तर आपलं सर्वांत आपलं अक्षर बाहेरच राहील. पण ळ आत बसून काम करतो. कळकळ, तळमळ, हळहळ, जळजळ, मळमळ, वळवळ, चळवळ, खळखळ, झुळझुळ, सळसळ, भळभळ. बघा, निम्मे शब्द पोटातले आणि काळजातले, निम्मे पाण्याचे आणि पानांचे. आत काहीतरी हलतंय आणि थांबत नाहीये, असं सांगायचं असलं की मराठी माणूस ळ कडे जातो. काखेत कळसा गावाला वळसा या म्हणीतली धावपळ त्या दोन ळ नीच केली आहे. त्यातला एक ळ काढून 'काखेत घागर' म्हटलं तर बाई चालेल, धावणार नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याला म्हणतात व्हाळ. आणि तो वाहतो असं म्हणत नाहीत, व्हाळ व्हावता. पाणी आणि त्याचं चालणं एकाच अक्षराने सुरू होतं.

ओठ न लावता रामायण

मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचल्याचं मानतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठांनी उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. आता विचार करा, राम हा शब्दच ओठ मिटल्याशिवाय पुरा होत नाही, आणि रामाची कथा सांगायची! त्यांच्या कितीतरी आधी दंडीने 'दशकुमारचरिता'त हाच खेळ मांडला होता आणि त्याला कारणही गोड दिलं होतं : गोष्ट सांगणाऱ्या मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या दातांनी दुखावलेले, म्हणून तो ओष्ठ्य अक्षरं टाळून बोलतो.

मी प्रयत्न करून बघितला. "रात्री दारात चांदणं सांडलं, आणि आजी हसत हसत अंगणात आली." यात प-फ-ब-भ-म नाहीत, उ, ओ, व सुद्धा नाहीत. एवढ्या एका वाक्याला अर्धा तास लागला. मुलांना हा खेळ जरूर द्या. आठ तालुके म्हणायला सांगा आणि कुठे कुठे ओठ मिटतात ते आरशात बघायला सांगा. मालवण, वैभववाडी आणि दोडामार्ग या तिघांत मिटतात, बाकी पाच जण निसटतात.

याच्या उलट टोकाला भारवी. 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गात त्याचा एक श्लोक जवळजवळ सगळा एकट्या न वर उभा आहे. माघाने 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात एक श्लोक फक्त द वर रचला. थक्क व्हायला होतं. पण ते श्लोक टीका हाताशी घेतल्याशिवाय उलगडत नाहीत, आणि मला तरी तिथे अनुप्रासाचा आनंद मिळत नाही. कवीच्या ताकदीला नमस्कार करून मी परत चार दिवस सासूच्या घरी येतो.

संहिता नसलेल्या नाटकात

कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडे रात्री दशावताराच्या. कथानक ठरलेलं, संवाद मात्र लिहिलेले नसतात. रंगमंचावर उभं राहून राजाने, राक्षसाने, नारदाने तिथल्या तिथे बोलायचं, पहाटेपर्यंत. लहानपणापासून मला पडलेला प्रश्न हा, की यांना पुढचा शब्द सुचतो कसा? ऐकता ऐकता वाटायला लागलं, की पुष्कळदा आधीचा शब्दच पुढच्याला बोलावतो. क्रोध म्हटला की मागून क्रूर येतो, क्रूर म्हटला की काळ. तलवारीच्या खणखणाटाबरोबर ख, ट आणि ड ओळीने येतात, आणि राणी विलाप करू लागली की तेच तोंड म आणि ल वर येतं. परुषा आणि कोमला ही नावं न घेता नट त्या दोन्ही वृत्ती एका रात्रीत वापरून दाखवतो. अशा माणसासाठी अनुप्रास दागिना नाही, अंधारात धरायचा कठडा आहे.

देवळातल्या गाऱ्हाण्यातही तसंच. सांगणारा एकामागून एक मागणी मांडत जातो आणि जमलेले सगळे दर वेळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्या परत परत येणाऱ्या दोन शब्दांवर अख्खं गाऱ्हाणं तोललेलं असतं.

घाट चढला की नियम बदलतो

आंबोलीचा घाट चढून बेळगावच्या पुढे गेलं की जुन्या कन्नड कवितेचा कायदा लागतो. तिथे प्रास पहिल्या अक्षराचा नाही, दुसऱ्याचा. प्रत्येक ओळीतलं दुसरं अक्षर तेच हवं. मराठीत करून बघितलं :

माड वाकले, वारा सुटला,
होडी वळली, दोर तुटला,
वाडी जागी सारी रात.

माड, होडी, वाडी. ड दुसऱ्या जागी बसलाय, त्यामुळे तो डोळ्यांत भरत नाही, पण ओळी एका दोरीत बांधल्या जातात. तमिळमध्ये दोन्ही सोयी आहेत : पहिल्या अक्षराची ती मोनै, दुसऱ्याची ती एदुगै.

अजून लांब गेलं तर सोमाली कविता. तिथे कवीने एक अक्षर निवडलं की शेवटच्या ओळीपर्यंत तेच निभवायचं. जुन्या इंग्रजीतल्या 'बेओवुल्फ'च्या तीन हजारांवर ओळी यमकाशिवाय, निव्वळ शब्दांच्या सुरुवातीच्या नादावर उभ्या आहेत. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे आणि त्यांना शिवणारा टाका म्हणजे तो सारखा आवाज. आणि नवव्या शतकात हुकबाल्ड नावाच्या एका ख्रिस्ती साधूने टकलाची थोरवी गाणारी लॅटिन कविता लिहिली, तिच्यातला प्रत्येक शब्द 'सी' ने सुरू होतो. आपल्याकडच्या काका, काकू, कागद आणि कात्रीच्या जीभवळणी वाक्याला युरोपात असा एक टक्कल पडलेला भाऊ आहे.

किती प, म्हणजे पुरे?

लिहिणाऱ्यांसाठी एवढं एकच कामाचं सांगतो. "पहाटेच्या पावसात पाणंदीतून पळत पोरं पाणवठ्यावर पोहायला पोचली." आठ शब्द, आठही प ने सुरू. वाचताना मजा येते, पण चित्र दिसत नाही. आपण प मोजत बसतो. आता हे बघा : "पहाटेच्या पावसात पोरं गडगा ओलांडून नदीवर गेली." तीन प येतात आणि मग गडगा लागतो, दगडांचा, ग-ड-ग करत पायाला ठेच लावणारा. तिथे आवाज बदलतो आणि पोरांनी उडी मारल्याचं कळतं. अनुप्रासात सर्वांत मोलाची जागा तो जिथे सुटतो ती असते. माझ्या वहीत मी आधी सगळे प लिहून घेतो, त्यांचा मनसोक्त आनंद घेतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे काढून टाकतो.

विंदांनी मुलांच्या खेळातले 'अडम् तडम्' हे शब्द उचलून बालकवितांच्या पुस्तकाला नाव म्हणून दिले, ते यासाठीच मला थोर वाटतं. ज्या नादाला अर्थाची गरज नाही, त्याला त्यांनी अर्थाचं ओझं दिलं नाही. आणि जिथे अर्थ सांगायचा होता, तिथे नादाला मागे उभं केलं.

ढग

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तिठ्यावर होतो. तळेऱ्याकडून आभाळ भरून आलं, कासार्ड्यावर काळं झालं आणि आमच्या डोक्यावरून पुढे धावलं. पाऊस थांबेपर्यंत टपरीत चार ओळी झाल्या. वयनींना वाचून दाखवल्या :

कासार्ड्याचा काळा ढग
कणकवलीला कोसळला,
नांदगावच्या नळ्यांवरी
निथळत निथळत नांदला.

वयनी भजी तळत होत्या. झारा तसाच हातात धरून त्यांनी वर, छपराच्या नळ्यांकडे बघितलं. पागोळ्या अजून गळत होत्या.

"नळ्यांवरी कित्याक?" त्या म्हणाल्या. "नळ्यार निथळत नांदलो, असा म्हणा मगे."

मी वहीत खोडून तसं लिहिलं. न, न, न, आणि मधे तो ळ, थेंबासारखा. तेवढ्यात एसटी आली.